साधे जेवण : आठवणीतले आणि ताटातले

"डॉक्टर, जेवणाला पूर्वीसारखी चव राहिली नाही." साठी-सत्तरी ओलांडलेल्या मंडळींकडून हे वाक्य दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकू येते. सोबत आलेल्या सूनबाईंना तो टोमणा वाटतो, मुलाला ती जुनीच कुरकुर वाटते आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक हे वाक्य वैद्यकीय दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यात बदललेल्या काळाची खंत असते, तशीच घटलेल्या भुकेची, कमी झालेल्या वजनाची आणि एकटे जेवण्याची सूचनाही असू शकते. म्हणून जुन्या, साध्या अन्नाची ही ओढ नेमकी कशाची आहे, तिच्यातले काय जपावे आणि काय बदलून घ्यावे, याचा विचार या लेखात करू.

आठवण सर्वांचीच, अन्न मात्र वेगवेगळे

ही ओढ केवळ आपल्याकडची नाही. झटपट खाण्याचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतही ती आहे. आणि तिचा विषय ऐकून आपल्याला नवल वाटेल. तिथली एक पिढी चक्क एका फास्ट फूडच्या साखळीसाठी हळहळते.

१९०२ साली फिलाडेल्फिया शहरात हॉर्न अँड हार्डार्ट या कंपनीने 'ऑटोमॅट' नावाचे उपाहारगृह सुरू केले. भिंतीत काचेची लहान लहान दारे असत आणि प्रत्येक दारामागे एक पदार्थ ठेवलेला असे. फटीत नाणे टाकायचे, मूठ फिरवायची, दार उघडून बशी घ्यायची. वाढप्याची वाट पाहणे नाही की बक्षिशी देणे नाही. १९१२ साली ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये आली आणि पुढे त्या एका शहरातच अशी चाळीसएक उपाहारगृहे झाली. पदार्थ तसे घरगुतीच होते : शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, मलईतला पालक, चीज घातलेली मॅकरोनी, फळांचे पाय. कॉफीचा पेला १९५० पर्यंत पाच सेंटांना मिळे. कारकून, विद्यार्थी, नवखे स्थलांतरित आणि एकटे राहणारे वृद्ध शेजारी शेजारी बसत. एका पेल्यावर कितीही वेळ बसले, तरी कोणी उठवत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्ग उपनगरांकडे गेला. महागाईमुळे एका नाण्यात पदार्थ देणे परवडेनासे झाले आणि हॅमबर्गर विकणाऱ्या नव्या साखळ्या गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. शेवटी या कंपनीने स्वतःच आपल्या काही जागांचे रूपांतर बर्गर किंगच्या दुकानांत केले. १९९१ साली न्यूयॉर्कमधला अखेरचा ऑटोमॅट बंद झाला. त्यावर २०२१ साली एक माहितीपटही निघाला आणि त्यात अनेक नामवंत वृद्धांनी आपल्या तरुणपणीच्या त्या टेबलांची आठवण जागवली.

आपल्याकडचा याचा जवळचा नातेवाईक म्हणजे इराण्याचे हॉटेल. मुंबईतले कयानी १९०४ मधले, ग्रँट रोडचे बी. मेरवान १९१४ मधले, पुण्यातले गुडलक १९३५ मधले. पूर्वी चौकाचौकात दिसणारी ही हॉटेले आता मोजकीच उरली आहेत. संगमरवरी टेबल, बनमस्का आणि बशीत ओतलेला चहा यांच्या आठवणीने आजही अनेकांचे डोळे पाणावतात. आता हिशेबाने पाहिले, तर बनमस्का म्हणजे मैदा आणि लोणी, आणि सोबतीला साखरेचा चहा. आहारशास्त्राने शिफारस करावी असे त्यात काही नाही. तरीही ती आठवण खोटी नाही.

मॅकडोनाल्ड्स भारतात आले १९९६ साली. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशीत आहे. वडिलांचे बोट धरून खाल्लेल्या पहिल्या बर्गरची आठवण त्यालाही म्हातारपणी येईल आणि 'आमच्या वेळची ती चव आता नाही,' असे तोही म्हणेल. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तरुणपणी प्रेमाच्या माणसांसोबत जे खाल्ले, ते अन्न मनात घर करते. ते पौष्टिक होते की नव्हते, याची नोंद मन ठेवत नाही. ती नोंद आपल्याला वेगळी ठेवावी लागते.

चव जाते कुठे?

पूर्वीची चव राहिली नाही, असे म्हणणारी व्यक्ती बहुधा खरेच सांगत असते. फरक अन्नातला असतो, तसाच शरीरातलाही. ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा वासाचा असतो आणि वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते. लाळ कमी सुटते. कवळी सैल असेल, तर घास नीट चावला जात नाही आणि जो घास नीट चावला जात नाही, त्याचा स्वादही मोकळा होत नाही. त्यात औषधांची भर पडते. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी चव बदलते, काहींनी तोंड कोरडे पडते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने काहींची भूक मंदावते. ते दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होऊ शकते. नैराश्यातही अन्नावरची वासना उडते, आणि वृद्धांमधले नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, न जेवण्यातून दिसते.

म्हणून ही तक्रार नवी असेल, तर पहिले काम पदार्थ बदलण्याचे नसून तपासण्याचे आहे. दात आणि कवळी पाहावी, जीभ पाहावी, चालू औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी, वजन करावे. सहा महिन्यांत प्रयत्न न करता वजन ५ टक्के घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो कमी झाले, तर ते 'वयोमानाने' म्हणून सोडून देऊ नये. घरी वजनकाटा नसेल, तर सैल झालेला सदरा, ब्लाऊजला घातलेल्या टिपा आणि बोटातून निसटू लागलेली अंगठी हेही काटेच आहेत.

जुन्या ताटाचा खरा हिशेब

आता आठवणीतल्या त्या साध्या जेवणाकडे वळू. कोकणात उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी, खानदेशात कळण्याची भाकरी, विदर्भात झुणका आणि जवसाची चटणी, गोव्यात पेज आणि हुमण, देशावर ज्वारीची भाकरी, आमटी आणि ताक. यांतल्या बहुतेक पदार्थांत धान्याला डाळीची, कडधान्याची, ताकाची किंवा माशाची जोड होती. पीठ कोंड्यासह होते, भाजी ऋतूप्रमाणे होती, जेवणाची वेळ ठरलेली होती. हे सारे चांगले होते आणि जपण्याजोगे आहे.

परंतु आठवण निवडक असते. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानातून आणलेला परदेशी लाल मिलो आणि दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी हेसुद्धा साधेच अन्न होते. ते ज्यांनी खाल्ले, त्यांना त्याची ओढ नसते. अनेक घरांत साधेपणा ही निवड नव्हती, नाइलाज होता. ताटात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी बाईला मिळे. शिवाय त्या काळी चार भाकऱ्या खाणारा माणूस दिवसभर नांगरामागे चालत असे किंवा मैलोगणती पायपीट करत असे. तीच भाकरी, तेच लोणचे आणि तोच पापड आज आरामखुर्चीत बसून खाताना हिशेब बदलतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ते जेवण खाणाऱ्याला साधे होते, करणारीला नव्हते. पहाटेचे जाते, चुलीचा धूर, पाट्यावरचे वाटण यांत बायकांची उमर गेली. वर सांगितलेल्या ऑटोमॅटच्या कंपनीने घरी न्यायचे तयार पदार्थ विकण्यासाठी 'आईचे काम कमी' अशा अर्थाची जाहिरात केली होती आणि ती लोकांना पटली, यात सारे आले. तयार अन्नाची दुकाने केवळ जिभेच्या चोचल्यांमुळे वाढली नाहीत. स्वयंपाकघरात एकटीने राबणाऱ्या बाईची ती सुटकाही होती. म्हणून घरातल्या आजोबांना पूर्वीचे जेवण हवे असेल, तर त्याचा सारा भार नोकरी करून आलेल्या सुनेवर टाकणे न्यायाचे नाही. शेंगा सोलणे, भाजी निवडणे, ताक घुसळणे ही कामे बसल्या जागी होतात आणि ज्यांच्या हातांना जमतात, त्या आजोबांनीही ती करावीत. हाताला काम मिळाले, की भूकही थोडी वाढते.

हलके म्हणजे पोकळ नव्हे

वृद्धांच्या आहारात मला सर्वाधिक दिसणारा धोका पिझ्झा-बर्गरचा नाही. तो आहे 'हलके' या शब्दाचा. वय झाले, आता हलके खावे, या समजुतीने ताटातून आधी उसळ जाते, मग भाकरी जाते, मग घट्ट आमटीचे पातळ वरण होते आणि अखेरीस चहा-खारी, चहा-टोस्ट आणि रात्रीचा मेतकूट-भात एवढेच उरते. पोट भरल्यासारखे वाटते, पण स्नायूंना लागणारी प्रथिने मिळत नाहीत.

आकड्यांत पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांना स्नायू टिकवण्यासाठी किलोमागे १ ग्रॅम किंवा थोडी अधिक द्यावीत, असे वार्धक्याचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ सांगतात. आता 'हलक्या' दिवसाची बेरीज करा. दोन वेळच्या चहातले दूध ३ ग्रॅम, दोन टोस्ट ३ ग्रॅम, दुपारचा वाटीभर भात २ ग्रॅम, पातळ वरण ३ ग्रॅम, रात्रीचा मेतकूट-भात ३ ग्रॅम, पेलाभर पातळ ताक १-२ ग्रॅम. एकूण वीसच्याही आत. गरजेच्या निम्मेसुद्धा नाही.

याचा परिणाम हळूहळू दिसतो. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो, जिना नकोसा होतो, चालताना तोल जातो. एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि तोवर आपल्या पायांवर हिंडणारी व्यक्ती अंथरुणाला खिळते. त्यामागे दृष्टी, औषधे, ओली फरशी अशी अनेक कारणे असतात. पण झिजलेले स्नायू हे त्यांतले एक मोठे कारण असते आणि त्याची सुरुवात ताटात झालेली असते.

आता जुन्याच पदार्थांतून हाच दिवस पुन्हा मांडू. सकाळी भाजणीचे एक मऊ थालीपीठ आणि लहान वाटीभर दही, ९ ग्रॅम. मधल्या वेळी पाऊण पेला दूध, ५ ग्रॅम. दुपारी एक ज्वारीची भाकरी, घट्ट आमटी आणि अर्धी वाटी मोड आलेल्या मुगाची उसळ, १५ ग्रॅम. चार वाजता दोन चमचे दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर किंवा एक लहान दाण्याचा लाडू, ४-५ ग्रॅम. रात्री तांदूळ आणि मूगडाळ समभाग घेऊन केलेली आसट खिचडी आणि दही, १२ ग्रॅम. बेरीज ४५ च्या पुढे जाते. त्यात एक अंडे, थोडे पनीर किंवा माशाची एक तुकडी घातली, की पन्नाशी सहज ओलांडते. यात परदेशी पावडर नाही, महागडे काही नाही. हे सारे आजींना करता येते आणि आजोबांना आवडते.

आठवणीतला पदार्थ, आजच्या बेताने

काही सूचना घरात ताबडतोब अमलात आणता येतील.

पेज आवडत असेल, तर ती नुसत्या तांदळाची न करता मूठभर मूगडाळ घालून करावी. नुसती पातळ पेज मधुमेही व्यक्तीची साखर पटकन चढवते आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते.

भाकरी चावत नसेल, तर ती बंद करू नये. आमटीत, दुधात किंवा ताकात कुस्करून द्यावी. पिठले, कुळथाची पिठी आणि मऊ खिचडी हे दात नसलेल्यांचे मित्र आहेत.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कोरडा लाडू हे पदार्थ गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना देऊ नयेत; कूट किंवा पीठ करून वापरावे. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, पाणी पितानाही खोकला येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. जेवताना पाठ सरळ ठेवून बसवावे आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ देऊ नये.

मिठाचा हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. बर्गर आणि चिप्समध्ये मीठ फार, हे सर्वांना ठाऊक आहे. पण लोणचे, पापड, सांडगी मिरची, खारवलेली मासळी आणि फरसाण हे आपलेच आहेत. चव फिकी वाटते म्हणून वरून मीठ घेण्याऐवजी लिंबू, कोकम, आले, जिरे, ताजी कोथिंबीर, लसणीची फोडणी यांचा उपयोग करावा. मंदावलेल्या नाकाला वासाचे पदार्थ लवकर जागे करतात. बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये; त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबावरील विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे वरील प्रमाणही आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, भूक नाही म्हणून जेवण टाळून औषध मात्र घेतले, असे कधीही करू नये. साखर धोकादायक पातळीला उतरू शकते.

आणि नातवंडांनी रविवारी पिझ्झा मागवला, तर? आजी-आजोबांना वेगळ्या ताटात पातळ वरण वाढून कोपऱ्यात बसवू नये. पथ्य आड येत नसेल, तर एक तुकडा त्यांनीही खावा आणि त्या सोबत घरची काकडीची कोशिंबीर सर्वांनी खावी. एका तुकड्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा वेगळे बसवले गेल्याचे दुःख अधिक खोल जाते.

टेबलापाशी दुसरे माणूस

ऑटोमॅटमध्ये एकटे राहणारे वृद्ध का जात असत, याचे उत्तर तिथल्या मॅकरोनीत शोधून सापडणार नाही. तिथे ठरलेल्या वेळी गरम अन्न मिळे, ते परवडे आणि आजूबाजूला माणसे असत. इराण्याच्या हॉटेलातही हेच होते आणि घरच्या जुन्या पंगतीतही हेच होते. आज अनेक घरांत मुले कामावर, नातवंडे शिकवणीला आणि आजी झाकून ठेवलेल्या ताटासमोर एकट्या, असे चित्र असते. एकट्या माणसाला स्वतःपुरते रांधावेसे वाटत नाही आणि वाढून ठेवलेलेही पुरते जेववत नाही.

याला औषध नाही, पण उपाय आहे. दिवसातले किमान एक जेवण घरातल्या कुणीतरी सोबत घ्यावे, टीव्ही बंद करून घ्यावे. ते शक्य नसेल, तर शेजारच्या समवयस्कांनी आळीपाळीने एकमेकांकडे डबा घेऊन जावे. मुले परगावी असतील, तर जेवणाच्या वेळी फोन करावा आणि 'जेवलात का?' असे न विचारता 'आज काय जेवलात?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्याने ताटात काय होते ते कळते.

काळजी घेणाऱ्यांनी या पंधरवड्यात एवढे करावे. घरातल्या ज्येष्ठांना त्यांच्या लहानपणीचा एक पदार्थ विचारावा, तो कसा करत ते त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत लिहून घ्यावे आणि शक्य तर त्यांना शेजारी बसवून करावा. त्यात डाळ, दही किंवा दाण्याचे कूट कुठे बसते ते पाहावे, मीठ थोडे कमी घालावे. आणि त्याच दिवशी त्यांचे वजन करून दिनांकासह वहीत नोंदवावे. पुढच्या महिन्यात त्याच काट्यावर पुन्हा वजन करावे आणि दवाखान्यात येताना ती वही सोबत आणावी.